भैरूचं नाक आणि बाळाबाईची आमटी

बाळाबाईला आधी भेटलं ते भैरूचं नाक. भैरू त्याच्यामागून आला.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमागे, जिथं ट्रकांची रांग संपते आणि चिखल सुरू होतो, तिथं दोन खोल्यांत ती खानावळ चालवायची. त्या दुपारी दारातला उजेड एकाएकी गेला. तिला वाटलं, एखादा ट्रक मागे घेता घेता घरात शिरतोय. वळून बघते तर नाक. डोंगराची सोंड जशी खाली उतरत येते तसं ते दोन भुवयांमधून निघून थेट ओठांवर सावली धरून थांबलेलं. या नाकामुळे भर पावसात भैरूची मिशी कोरडी राहते, असं त्याच्या टोळीतले लोक देवाची शपथ घेऊन सांगत. उंबऱ्यावर उभं राहून त्या नाकानं एक श्वास ओढला. स्टोव्हची ज्योत दाराकडे झुकली, मांजर फळीवर चढलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उचलून पुढचा महिना दिसून गेला.

"खोबरं शिळं हाय," नाकाखालून आवाज आला. "लसून बेस. कांदा करपला न्हाई, पन करपनार हाय."

बाळाबाई उलथनं घेऊन त्याच्या अंगावर धावली, आणि तेवढ्यात कांदा करपला.

ही दोघांची ओळख. भैरू तिच्याच सासरगावचा, पण पोरवयातच गाव सोडलेला, म्हणून तोवर गाठ न पडलेला, आणि नंतर तिच्या नवऱ्याच्याच टोळीत आलेला माथाडी. धान्याचा आणि मसाल्याचा बाजार मुंबईतून इकडे हलला त्याच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हा टोळीनं तिला गावी परत न धाडता इथंच चूल मांडून दिली. नात्यानं भैरू तिचा धाकटा दीर लागायचा. तो तिला वैनी म्हणे, ती त्याला भावजी म्हणे, आणि एवढा मान देऊन झाल्यावर उरलेलं बोलणं भांडणाचं असे.

खानावळीत एक रीत पडून गेली होती. ताटं वाढून झाली तरी कुणी भाकरी मोडायची नाही. सगळे भैरूकडे बघत. भैरू आमटीची वाटी उचलून नाकाशी नेई, डोळे मिटे. मिरचीच्या गोण्या पाठीवर वाहून मानेला घट्टे पडलेले ते दांडगे गडी परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे गप्प राहत. मग भैरू म्हणे, "बरं हाय," आणि सगळे ताटावर तुटून पडत. 'बरं हाय'च्या वर त्याच्याकडे शब्द नव्हता. आखाडात एकदा मटणाच्या रश्श्याला तो "बरं हाय की" म्हणाला, तर त्या 'की'वर बाळाबाई श्रावण संपेपर्यंत खूश होती.

वर बोलायची ती वेगळंच. "त्या नाकाला ताट वेगळं लावायला पायजे. अर्धा वास तेच खातंय." पण गावाकडून नवा गडी टोळीत आला की तो आधी भैरूला विचारी, कुठं जेवायचं. भैरू बोट दाखवी. बाळाबाईची चूल त्या बोटावर चालली होती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी थंडीत भैरूला सर्दी झाली.

मिरची गल्लीत सर्दी झाली असं कुणी म्हणत नाही. तिथं गडी, व्यापारी, हमालांच्या मागं फिरणारी कुत्री, सगळ्यांचीच नाकं गळत असतात. नवी मिरची उतरायला लागली की तिचा झोंबरा धुरळा, खाट, हवेत उडतो आणि शिंकांचा असा गजर चालतो की नवख्याला वाटावं कुठं आरती चाललीय. त्या गल्लीत वाहतं नाक म्हणजे कामावर हजर असल्याची खूण. भैरूचं नाक वाहिलं, त्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आठवड्यानं जरा ओसरलं. मग पुन्हा उलटलं, आणि आता पाणी जाऊन घट्ट, हिरवट-पिवळं यायला लागलं. उजव्या गालाच्या हाडात ठणका बसला. गोणी घ्यायला वाकलं की डोळ्याखाली कुणीतरी आतून पहार मारतंय असं व्हायचं. भैरूनं कपाळाला टॉवेल आवळून बांधला आणि काम चालू ठेवलं.

"मिरची चढलीया," मारोती म्हणाला. मारोती म्हणजे त्याचा गोणी उचलायचा जोडीदार, टोळीचा बिनपगारी डॉक्टर. "मिरचीला मिरचीच उतारा. झनझनीत खा." शिवाय त्यानं औषधाच्या दुकानातून नाकात घालायच्या थेंबांची छोटी बाटली आणून दिली. पहिल्या दिवशी थेंब घातले आणि नाक घाटातल्या बोगद्यासारखं मोकळं झालं. भैरूनं मारोतीच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पण थेंबांचा जोर उतरला की नाक पहिल्याहून घट्ट बसे. मग पुन्हा थेंब. महिन्याभरात ती बाटली तंबाखूच्या चंचीशेजारी खिशात जाऊन बसली आणि तंबाखूपेक्षा जास्त वेळा बाहेर निघायला लागली.

मग वरची दाढ दुखायला लागली. दातांचा डॉक्टर म्हणाला, दाढ चांगली दिसतेय, थांबू या. भैरू म्हणाला, "दुखती मला का तुमाला?" आणि हट्टानं दाढ काढून घेतली. धडधाकट दाढ हातात आली. ठणका होता तिथंच राहिला.

याच दिवसांत एकदा त्यानं वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटून ठेवले. मग वाटी खाली ठेवून म्हणाला, "वैनी, आज चव न्हाई."

बाळाबाईच्या हातातली पळी तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं लसूण वाढवला. "चव न्हाई." खोबरं नवं आणलं, भाजून घातलं. "पानी पिल्यागत लागतंय." मग मात्र बाळाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तिनं त्या भैरूच्या वाटीत उतरवायचं ठरवलं. आमटी रोज लाल होत गेली. मारोती जेवताना तांब्या तोंडाला लावून बसायला लागला. टोळीचा मुकादम उदयसिंह, मिशांवर लिंबू ठेवून फिरणारा माणूस, तो एका घासाला उचकी लागून अंगणात जाऊन उभा राहिला. त्या आगीतून भैरू डोळ्यांत पाणी आणून भाकरी चुरत होता आणि म्हणत होता, "तिखाट हाय. पन चव न्हाई."

"भावजी, तुमाला चव नगंच हाय," बाळाबाई म्हणाली. "तुमाला माजी खानावळ बंद पाडायची हाय."

"आता जे हाय ते हाय. खोटं बोलू व्हय?"

"खरं बोलनाऱ्याचं नाक बगा, कसं रंगलंय."

महिन्याच्या जेवणाऱ्यांतले दोन मेंबर कोपऱ्यावरच्या केशरबाईच्या खानावळीत गेले. तिसऱ्यानं नुसता विचार चाललाय म्हणून सांगितलं. बाळाबाई रात्रंदिवस स्वतःची आमटी चाखून बघायला लागली. तिला ती चांगली लागे. मग वाटे, आपलीच जीभ गेली असेल. चाळीशी उलटल्यावर बाईचं काय काय जातं कुणी सांगावं.

आमटीचा उलगडा झाला तो पाण्याच्या टँकरमुळे. टँकर आला की बाळाबाईला भांडायला बाहेर जावंच लागे. त्या दुपारी भांडण रंगलं. स्टोव्हवर आमटी विसरली, आटली, तळाला लागली आणि जळून कोळसा झाली. अंगणात हात धुणारे गडी नाकाला टॉवेल लावून शिव्या देत मागे सरले. बाळाबाई पळत आत आली. खोली कडवट वासानं कोंदली होती, आणि स्टोव्हपासून हातभर अंतरावर, स्टोव्हकडे पाठ करून, भैरू भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले. कपाळाला टॉवेल.

"वैनी, झाली का आमटी?" त्यानं विचारलं.

बाळाबाईनं पातेलं उतरवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाला उंबऱ्यावरून न करपलेला कांदा करपणार हे कळलं होतं, तो हा. तिनं हिंगाची डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. काही नाही. स्टोव्ह पुसायचा रॉकेलचा बोळा धरला.

"काय करतीस?" डोळे न उघडता भैरू म्हणाला.

आता खरं सांगायचं तर बाळाबाईला पहिल्यांदा झाला तो आनंद. आमटी चांगलीच होती. इतके दिवस चांगली होती. तिची जीभ शाबूत होती, हात शाबूत होता. हे ओरडून सांगायला ती अंगणाकडे वळलीसुद्धा. मग तिनं पुन्हा एकदा त्याच्याकडे बघितलं. गालाखाली सूज होती. तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्या डोंगराएवढ्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी माणूस खंगत चालला होता, आणि ती त्याच्या वाटीत तिखट ओतत होती.

"भावजी," ती खाली बसून म्हणाली, "आमटी जळून खाक झाली. तुमाला वास न्हाई आला?"

भैरूनं डोळे उघडले. पातेल्याकडे बघितलं, धुराकडे बघितलं. एक श्वास ओढून बघितला. मग मान खाली घातली, आणि वाकल्याबरोबर गाल दाबून धरला.

"मला वाटलं, तूच कायतरी कमी घालतीस," तो म्हणाला.

तुर्भे नाक्यावरच्या डॉक्टरीणबाई, गीतांजली देवस्थळी, शांत बाई होत्या. त्यांनी भैरूच्या गालावर अंगठा दाबला तेव्हा तो खुर्चीतून उठला. पुढे वाकायला सांगितलं तेव्हा परत बसला. फोटो काढून आणायला वाशीला धाडलं. फोटो दिव्यासमोर धरून त्या सांगत होत्या आणि बाळाबाई ऐकत होती. भैरू आपल्या कवटीचं चित्र बघून गार झाला होता.

"नाकाच्या आजूबाजूला हाडांत पोकळ्या असतात. छोट्या छोट्या खोल्या समजा. प्रत्येकीला नाकात उघडणारं बारीकसं दार. आतून सूज आली की दार बंद होतं आणि घाण आतच साठते. ही उजवी बघा, भरलीय."

"मोरी तुंबली म्हना की," बाळाबाई म्हणाली.

"अगदी तसंच. त्यानं गाल दुखतो, वरचे दात दुखतात, वाकलं की वाढतं. वास जातो. सर्दी आठ-दहा दिवसांत उतरणीला लागायला हवी. बरी होता होता उलटली, तेव्हाच यायला हवं होतं."

"आमच्यात समद्यांचीच नाकं वाहत्यात, बाई."

"म्हणूनच लवकर यायचं."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत थांबायचं नाही. थेंबांची बाटली तिथंच टेबलावर ठेवून घेतली. म्हणाल्या, ही दोन-चार दिवसांच्या वर वापरली तर नाक तिचं गुलाम होतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं, वाफ जपून घ्यायची, कामावर नाकातोंडाला फडकं बांधायचं. मग पेन खाली ठेवून त्या बाळाबाईला म्हणाल्या, "आणि हे नीट लक्षात ठेवा. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, मान आखडली, किंवा ताप चढून डोकं फुटायची वेळ आली, तर माझी वाट बघायची नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलात."

निघताना भैरूनं विचारलं, "वास येईल का परत?"

"सूज उतरली की बहुतेक येईल," बाई म्हणाल्या. 'बहुतेक' हा शब्द बाळाबाईनं ऐकला. भैरूनं नाही ऐकला.

पुढचे दिवस खानावळीत नाक धुण्याचा सोहळा चालला. मोरीवर भैरू वाकलेला, डाव्या नाकपुडीत पाणी, तोंड उघडं, आणि मागे सगळी टोळी पाणी उजवीकडून कधी बाहेर पडतंय ते बघायला उभी. ते पडलं की मारोती म्हणे, "कालव्याला पानी सुटलं." रात्रीची जेवणं उरकली की गोधडीखाली वाफ. ती गोधडी भैरूच्या नाकावर तंबूसारखी आपोआप उभी राहते, खांब लागत नाही, असं मारोतीचं म्हणणं. बाळाबाई पातेलं कलंडू नये म्हणून कडा धरून बसे. भांडत नसे. आमटी तिनं पहिल्यासारखी करायला घेतली, आणि वाटी भैरूपुढे ठेवताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून ती त्याच्याकडे बघे.

ठणका गेला. गालाची सूज बसली. एका सकाळी ती फोडणी घालत होती आणि भैरू दारात बूट चढवत होता. हात थांबवून तो म्हणाला, "लसून?"

बाळाबाईनं आणखी दोन पाकळ्या ठेचून तेलात टाकल्या.

"लसूनच हाय," भैरू म्हणाला, आणि एक बूट घालून तसाच हसत बसला.

चैत्रात गावची यात्रा आली. यात्रेला टोळी अख्खी गावी जाते. मार्केटनं काय करायचं ते मार्केटनं बघावं. भैरूच्या घराण्याकडे देवाच्या पालखीचा पुढचा खांदा. टोळीबाहेरच्या दोघा-चौघांचं जेवण असल्यानं बाळाबाई मागे राहिली. सगळे गेल्यावर झाडताना तिला देवाच्या फोटोमागे गोळ्यांचं पाकीट सापडलं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. बरं वाटायला लागलं तसं त्यानं गोळ्या घेणं सोडलं होतं, आणि उरलेल्या देवाच्या हवाली केल्या होत्या. गावात तेव्हा फोन एकच, तोही पोस्टात, तोही बंद. बाळाबाईनं पाकीट पदरात बांधलं आणि वाट बघत बसली.

तिकडे पालखी निघाली. यात्रेत गुलाल असा उधळतात की माणूस माणसाला आवाजावरून ओळखतो. पुढच्या खांदेकऱ्यानं तोंड झाकायचं नसतं. देवाचा गुलाल चुकवणं बरं दिसत नाही. कुणी म्हणालं, "भैरबा, नाकाला जप." तर भैरूच म्हणाला, "देवाचा गुलाल हाय. नाकात गेला तर औशीद हाय." सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो गुलालात चालला.

परत आला तो उजवा डोळा मिटून. पापणी टोमॅटोसारखी फुगलेली. मार्केटमध्ये त्याचंही कुणाला काही वाटलं नाही, कारण मिरची गल्लीत लाल डोळा म्हणजे वाहत्या नाकाचा सख्खा भाऊ. उदयसिंह म्हणाला, "गुलाल गेलाय. गुलाबपानी घाल." दुसरा म्हणाला, डोळे आलेत. दुपारी टोळी जेवायला बसली. भैरूनं बोटांनी सुजलेली पापणी वर उचलली आणि समोर बघत म्हणाला, "मला दोन मारोती दिसत्यात."

सगळे हसले. "एकच जड होतोय आमाला," कुणीतरी म्हणालं.

बाळाबाई हसली नाही. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. तवा तापलेला असतो तसं कपाळ होतं.

"उठा भावजी. हास्पिटलात जायाचं."

"वैनी, गाड्या उभ्या हायत," उदयसिंह म्हणाला. "यात्रेनं माल तुंबलाय. आजचा दिस जाऊ द्या. उद्या मी सोता नेतो."

बाळाबाईनं वाकून स्टोव्ह बंद केला. मग मारोतीच्या पुढचं भरलं ताट उचललं. मग उदयसिंहाच्या पुढचं.

"हे हास्पिटलात पोचल्याबिगर हितं कुनी जेवायचं न्हाई," ती म्हणाली.

मुकादमाला सरकार, व्यापारी आणि बायको यांचं भय नव्हतं. पण भरलं ताट समोरून गेलेलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. लसूण उतरवून रिकामा झालेला एक टेम्पो त्यानं स्वतः रस्त्यात उभं राहून अडवला. मागं भैरूचं डोकं मांडीवर घेऊन बाळाबाई बसली. खड्ड्यागणिक तो कण्हत होता. सगळा टेम्पो लसणाच्या वासानं भरला होता. त्याला तो वास येतोय का, हे तिला विचारायचं होतं, पण तिनं त्याचं डोकं नीट धरून ठेवलं.

वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पापणी उचलून बघितली आणि पुढचं सगळं घाईघाईनं झालं. सलाईनमधून औषध, पुन्हा फोटो, आणि संध्याकाळच्या आत ऑपरेशन. पू सायनसमधून डोळ्याच्या खोबणीकडे सरकला होता. "उद्या आणलं असतं तर डोळा गेला असता," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "कदाचित त्याच्याहूनही जास्त." उदयसिंहानं फेटा काढून हातात घेतला आणि भिंतीकडे तोंड वळवलं. बाळाबाईनं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांच्या हातावर ठेवलं.

डोळा वाचला. मारोती पुन्हा एकच दिसायला लागला.

भैरू खानावळीत परत आला त्या दिवशी बाळाबाईनं पहाटेपासून मसाला भाजला होता. नवं खोबरं, गावाकडून आलेले घाटी तीळ, निवडून घेतलेला लसूण. ताटं वाढली. सवयीनं कुणी भाकरी मोडली नाही. भैरूनंही सवयीनं वाटी उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. श्वास ओढला. मोठा, पहिल्यासारखा. भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल किंवा नसेल. कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यानं डोळे उघडले आणि आधी बाळाबाईच्या तोंडाकडे बघितलं. पूर्वी तो कधी बघत नसे.

"बरं हाय की," तो म्हणाला.

गडी ताटावर तुटून पडले. बाळाबाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली. तो 'की' तिनं बरोबर ओळखला होता.

वास पुन्हा आला नाही. डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन वेळा औषध बदलून बघितलं.

पुढच्या महिन्यापासून भैरू केशरबाईच्या खानावळीत जेवायला लागला. चव आता कुठंच कळत नव्हती, आणि ती मार्केटला जवळ होती, थोडी स्वस्तही होती.